किडेवाली मावशी

दवाखान्यात येणारी पोरं मला ‘किडेवाली मावशी’ म्हणतात. हे नाव मी स्वतःच ओढवून घेतलंय.

दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून मला सहा वर्षं झाली. हत्यारं धुऊन वाफेच्या डब्यात लावायची, दातात भरायचं सिमेंट घोटायचं, पेशंटच्या तोंडातलं पाणी ओढणारी नळी धरायची. आणि लहान मूल आलं, की डॉक्टरबाईंच्या आधी मी त्याच्याशी बोलायचं. त्यासाठी कपाटावर जबडेकाका ठेवलेले आहेत. कलिंगडाएवढा प्लास्टरचा जबडा, बिजागरीवर उघडतो आणि मिटताना खाडकन वाजतो. पोरं आधी दचकतात, मग खिदळतात. खिदळून झालं की मी आवाज बारीक करते.

“दात न घासता झोपलं ना, की एक कीड येते. इतकी बारीक, की दिसतच नाही. आधी दाराशी बसते. मग आत शिरते. आत घर करते आणि पोखरत राहते, पोखरत राहते. बाहेरून सगळं छान दिसतं बरं का! कुणाला पत्ताच लागत नाही. आणि एक दिवस...” इथे मी जबडेकाकांची एक दाढ उचकटून काढते. ती आतून काळी रंगवलेली आहे. ते कामही माझंच.

आया खूश असतात. “मावशी, तुमच्या किड्यानं जादू केली हो, आता आपणहून ब्रश मागतो.” डॉक्टरबाई मात्र हातमोजे चढवता चढवता म्हणतात, “अगं, किडाबिडा काही नसतो. गोड चिकटून राहतं, जंतू आम्ल करतात, दात झिजतो. तेवढंच सांग की.”

“मॅडम, आम्ल म्हटलं की पोर जांभई देतं. किडा म्हटलं की ब्रश धरतं.”

घरी उंदरीच्या बाबालाही माझी ही कथा पटायची नाही. आमच्या लेकीला उंदरी हे नाव त्यानंच ठेवलं. समोरचे दोनच दात आले होते आणि ती त्यांनी सोफ्याची कड कुरतडत बसायची, तेव्हापासून. “पोरीला घाबरवून कसलं शिकवतेस?” तो म्हणायचा. “आणि तुमच्या दवाखान्यात दात काढायला माणसं रडत येतात. आमच्याकडे बघ, दिवसभर दात काढत असतो आम्ही बापलेक.” असं म्हणून दोघं खरंच दात काढत बसायचे, पोट दुखेपर्यंत.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दात घासायची त्याची पद्धतही लिफ्टचीच होती. उंदरीला बेसिनपुढच्या स्टुलावर उभं करायचं, आरशात बघायचं आणि खर्जात म्हणायचं, “दार उघडतंय, सांभाळून.” की हिनं आ केलाच. “तळमजला. उजवीकडची शेवटची खोली. आत झाडलंत का? बाहेर झाडलंत का? पुढची खोली.” असे खालचे सगळे दात. मग “वर जातेय” म्हणून पहिला मजला. शेवटी “दार बंद होतंय,” चूळ, आणि खाली थुंकताना दोघांची शर्यत. मी पलीकडून डबे भरता भरता ओरडायची, “दोन मिनिटं पूर्ण करा रे, मी घड्याळ बघतेय!”

पेस्टचा नियम माझा. वाटाण्याएवढी. एका वेळी एक वाटाणा, त्याहून कण जास्त नाही. लहान मुलं पेस्ट गिळतात. बाबाच्या ब्रशवर पेस्ट लावायचं काम मात्र उंदरीचं होतं आणि तिथंही ती वाटाणाच लावायची. “अगं, माझा जबडा केवढा, त्याला एका वाटाण्यानं काय होणार?” तो कुरकुरायचा. “आईनं सांगितलंय,” ती म्हणायची. विषय संपला.

आणि एक नियम त्याचा होता. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की फोन यायचा आणि त्याला जेवता जेवता उठून जावं लागायचं. उंदरी दारात आडवी पडायची. मग तो तिला उचलून न्हाणीघरात न्यायचा आणि ग्लासातले तीन ब्रश दाखवायचा. “माझा ब्रश कुठंय?”

“ग्लासात.”

“ब्रश घरी, म्हणजे बाबा येणार घरी. कळलं?”

मग ती निमूट बाजूला व्हायची. तो हत्यारांची पिशवी आणि ‘दुरुस्ती चालू आहे’ लिहिलेली पिवळी पत्र्याची पाटी काखेत मारून जायचा. आणि यायचाच.

त्याच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा आम्ही पित्त समजलो. पित्त नव्हतं. कळल्यापासून संपेपर्यंत सात आठवडे. दुसऱ्यांदा दाखल करायचं ठरलं त्या सकाळी मी बॅग भरत होते. उंदरी पायात घुटमळत होती. तिलाही काही काम द्यावं म्हणून म्हटलं, “जा, बाबाचा ब्रश आण आणि बॅगेत टाक.” ती गेली. रिक्षा खाली उभी होती, मी चेन ओढली आणि निघालो.

हॉस्पिटलात बॅग उघडली तर ब्रश नव्हता. विसरली असेल, पाच वर्षांची पोर. मी त्यावर दुसऱ्यांदा विचारही केला नाही.

तो जाऊन चार महिने झाले.

उंदरीची आत्या तेव्हापासून आमच्याकडेच राहते. मी सकाळी सातला निघते; उंदरीला उठवणं, आवरणं, शाळेत सोडणं सगळं ताईंवर. ताई मायेच्या आहेत, पण बोलायला लागल्या की त्यांचं दुःख भांड्यातून उतू जातं. फोनवर कुणी ना कुणी असतंच. “काय सांगू गं, बाहेरून एवढा धडधाकट. आतून पोखरून टाकलं माझ्या भावाला. कुणाला पत्ता लागला नाही. चांगल्या झाडाला कीड लागावी तसं झालं.” मी हे कितीदा ऐकलं असेल. ऐकता ऐकता भाजी चिरली, कपडे वाळत घातले. एकदाही माझा हात थांबला नाही.

उंदरी रडली नाही फारशी. तिनं फक्त तोंड मिटलं. बोलायची, खायची, पण “आ कर” म्हटलं की ओठ घट्ट. दात घासलेस का, विचारलं की मान हलवून हो. मी पुढे तपासलं नाही. दुसऱ्यांच्या पोरांना समजावताना माझ्या दाताच्या कण्या व्हायच्या आणि घरी आल्यावर एक ‘आ’ करून घेण्याइतकीही ताकद उरायची नाही. तिचं मानेचं ‘हो’ मला सोयीचं होतं, एवढंच खरं.

दोन गोष्टी खटकत होत्या. न्हाणीघराच्या आरशावर रोज पांढरे, वाळलेले ओघळ असायचे, उंदरीच्या डोक्याच्या पुष्कळ वर. मी संध्याकाळी ते पुसायची; दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. आणि एकदा ग्लास घासायला घेतला तर बाबाचा ब्रश ओला लागला. वास घेतला. पेस्टचा.

“ताई, त्याचा ब्रश तुम्ही धुतलात का?”

“मी कशाला हात लावू गं? मला तर तिकडे बघवत नाही. मी म्हणते, काढून टाक आता तो. तूच लोकांना सांगतेस ना, तीन महिन्यांनी ब्रश बदला म्हणून?”

सांगते. रोज दहा जणांना सांगते. मी उंदरीला समोर घेऊन म्हटलं, “बाबाच्या ब्रशशी खेळायचं नाही हं.” तिनं ओठ मिटून माझ्याकडे पाहिलं.

मग एका शनिवारी ती उठली ती उजवा गाल पेरूएवढा घेऊन.

दवाखान्यात खुर्चीवर बसवलं, दिवा ओढला, आणि दातखीळ बसावी तसं तिचं तोंड गच्च मिटलं. डॉक्टरबाईंनी गोष्ट सांगितली, फुगवलेला हातमोजा दिला, लटकं रागावून पाहिलं. मी जबडेकाका आणले. त्यांना पाहताच ती माझ्या कुशीत शिरली आणि थरथरायला लागली. सहा वर्षांत एकही मूल जबडेकाकांना असं घाबरलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी कशीबशी ओठाची कड उचलून आत पाहिलं.

“खालची उजवी, शेवटून दुसरी. मुळापाशी पू झालाय. ही दाढ वाचणार नाही.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.” लगेच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुला बोलायचं नव्हतं मला. तीन दिवस औषध दे, सूज उतरू दे. मंगळवारी दुपारी आण. इथं तोंड उघडलं तर पाच मिनिटांचं काम आहे. नाहीच उघडलं तर मोठ्या हॉस्पिटलात नेऊन, भूल देऊनच काढावी लागेल.”

मोठं हॉस्पिटल म्हणजे तेच. तोच लांब हिरवट पट्ट्याचा बोळ. तिचा बाबा त्यातून आत गेला तेव्हा ती काचेच्या दाराबाहेर आत्याच्या कडेवर होती, आणि हात हलवत होती. त्याच बोळातून चाकाच्या खाटेवर मी तिला आत पाठवायचं? तीन दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मंगळवारी दुपारपर्यंत त्या पोरीनं तोंड उघडलं पाहिजे.

मंगळवारी मी रजा घेतली. हे उंदरीला माहीत नव्हतं. रोजच्यासारखं ताईंनी तिला उठवून न्हाणीघरात पाठवलं आणि त्या दुधाकडे वळल्या. मी बाहेरच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होते. स्टूल सरकवल्याचा आवाज आला. नळ. मग थोड्या वेळानं, अगदी हळू, ओढूनताणून खर्जात काढलेला आवाज:

“दार उघडतंय, सांभाळून.”

माझ्या हातातली चादर तशीच राहिली.

दार अर्धं उघडं होतं. उंदरी स्टुलावर चवड्यांवर उभी होती, एका हातानं बेसिन धरून. दुसऱ्या हातात बाबाचा ब्रश. हात पार वर ताणून ती आरसा घासत होती. बरोबर त्या उंचीवर, जिथं त्याचं तोंड दिसायचं.

“तळमजला. शेवटची खोली. आत झाडलंत का? बाहेर झाडलंत का?”

आरशावरून पांढरा फेस ओघळत होता. तिचा स्वतःचा ब्रश ग्लासात होता, कोरडा ठणठणीत.

मी आत गेले ती स्टुलाशेजारी फरशीवरच बसले. मला पाहून तिनं ब्रश पाठीमागे लपवला.

“मी खेळत नव्हते,” ती घाईनं म्हणाली.

“माहितीये मला. रोज करतेस?”

मान हलली.

“आणि तुझे दात?”

ती म्हणाली, “वाटाणा एकच असतो ना. तूच म्हणालीस. एका वेळी एकच.”

“मग तो तू बाबाला देतेस?”

“त्याला जास्त लागतो. त्याला कीड लागलीये.”

ताई दुधाचं पातेलं हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी हातानंच त्यांना थांबवलं.

“कुणी सांगितलं, बाबाला कीड लागली?”

“आत्या रोज सांगते फोनवर. आतून पोखरून टाकलं. कुणाला पत्ता लागला नाही.” मग चार महिन्यांत पहिल्यांदा तिचं तोंड नीट उघडलं. “मी ब्रश बॅगेत टाकलाच नाही, आई! मी परत ग्लासात ठेवला. ब्रश घरी म्हणजे बाबा येणार घरी, म्हणून. मग हॉस्पिटलात त्याला दात घासता नाही आले. मग ती कीड आत गेली, आणि घर केलं, आणि पोखरत राहिली, पोखरत राहिली...”

शब्दन् शब्द माझा. पोखरत राहते, पोखरत राहते, हे दोनदा म्हणायचं, आवाज खाली आणायचा, सगळं माझंच शिकवलेलं. दारातून ताईंचा हुंदका ऐकू आला आणि पातेलं खाली ठेवल्याचा आवाज.

मी तिला स्टुलावरून मांडीत ओढलं. तिची वेणी माझ्या आसवांनी ओली झाली.

“उंदरे, ऐक. कीड नसते.”

“असते. जबडेकाकांच्या दाढेत आहे.”

“तो काळा रंग आहे. मी लावलाय ब्रशनं. किडा कुठंच नसतो. पोरांनी दात घासावेत म्हणून मी खोटं सांगते.”

तिनं मान मागे करून माझं तोंड न्याहाळलं. “सगळ्यांना?”

“सगळ्यांना. आणि तुलाही सांगितलं. चुकलं माझं.”

“बाबा म्हणायचा, घाबरवू नकोस.”

“हो. त्याचं बरोबर होतं. बाबाला पोटात एक आजार झाला होता. दातांचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. तू ब्रश टाकला असतास तरी तो झालाच असता. ब्रश टाकला नाहीस म्हणून झाला नाही. डॉक्टरांनासुद्धा तो थांबवता आला नाही.”

मग तिनं तिचा खरा प्रश्न विचारला. “पण मग बाबाचे दात घाणच राहिले?”

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

“नाही राहिले. त्याच्या तोंडात फोड आले होते, त्याला ब्रश सोसलाच नसता. मग मी बोटाला मऊ कापड गुंडाळायचे, मिठाच्या पाण्यात बुडवायचे आणि रोज सकाळी, रोज संध्याकाळी सगळे दात पुसायचे. एक दिवसही चुकवला नाही.”

“मजल्यांनी?”

“आधी नाही. मला कुठं येतात मजले? पण शेवटच्या दिवशी तो तोंडच उघडेना. डोळे मिटलेले होते. नर्स म्हणाली, राहू द्या ताई. मग मी त्याच्या कानाशी गेले आणि म्हटलं, दार उघडतंय, सांभाळून.”

“मग?”

“मग उघडलं. एवढंसं. मी तळमजला पुसला. पहिला मजला पुसला. दार बंद होतंय म्हटलं. तो थोडंसं हसला, असं मला वाटलं. खरंच हसला का, माहीत नाही.”

“हसलाच असणार,” उंदरी म्हणाली. “तुला त्याचा आवाज काढता येत नाही ना, म्हणून.”

दुपारी खुर्चीवर ती माझा अंगठा मुठीत धरून बसली. डॉक्टरबाईंनी दिवा ओढला. उंदरीनं डोळे मिटले, आणि आपल्या त्या चिरक्या खर्जात स्वतःच म्हणाली, “दार उघडतंय, सांभाळून.” आणि तोंड उघडलं.

“हे काय नवीन?” डॉक्टरबाई मला कुजबुजत म्हणाल्या.

“जुनंच आहे,” मी म्हटलं.

सुई टोचली तेव्हा माझ्या अंगठ्यात तिची नखं रुतली. दाढ निघाली. तिला हातात हवी होती. तिनं ती उलटीसुलटी करून, डोळ्यांजवळ धरून, भोकात वाकून पाहिली. बराच वेळ. मग मला म्हणाली, “नाहीये.”

डॉक्टरबाईंनी तिला समजावलं, की तिथली पक्की दाढ यायला अजून पाच वर्षं आहेत. जखम भरली की तिथं एक तारेची कडी बसवायची. नाहीतर शेजारच्या दाढा सरकतात आणि ती जागा खाऊन टाकतात.

“कडी चावते?”

“छे. ती काहीच करत नाही. नुसती जागा राखते.”

घरी ताईंनी तिला गार दूध दिलं, वाटीनं. त्या दिवसापासून फोन वाजला की ताई गॅलरीत जातात आणि दार ओढून घेतात. त्यांना मी काही म्हटलं नाही. काय म्हणणार? शब्द माझे होते. जबडेकाकांची ती काळी दाढ मी दुसऱ्याच दिवशी खरवडून पांढरी केली. एक मुलगी म्हणाली, “किडेवाली मावशी, किडा दाखव ना!” मी म्हटलं, नाहीये गं. ती इतकी हिरमुसली, की तिची आई माझ्याकडे रागानं बघायला लागली.

आता मी दवाखान्यात एक तास उशिरा जाते. डॉक्टरबाईंनी न मागता दिलेला तास आहे हा. सकाळी स्टुलामागे मी उभी राहते. उंदरी दोन ब्रशांवर दोन वाटाणे लावते, एक तिचा, एक माझा. तिसरा ब्रश ग्लासातच असतो, कोरडा. परवा तिनं तो उचलला, अंगठ्यानं त्याचे केस चाचपले आणि परत ठेवला. मी आरशात बघत होते. तिनं वर, त्याच्या उंचीवर, पाहिलं. तिथं माझी हनुवटी होती.

“आई, तू कर ना मजले.”

“मला जमणार नाही गं.”

“मी सांगते.”

मग मी घसा खाकरला. “दार उघडतंय, सांभाळून.” आवाज मध्येच फाटला. उंदरी खुदकन हसली आणि हसता हसता तिनं आ केला. “तळमजला,” मी म्हटलं. “उजवीकडची शेवटची खोली. आत झाडलंत का? बाहेर झाडलंत का? पुढची खोली...”

ब्रश थांबला. तिथं फक्त गुलाबी हिरडी होती, अजून थोडी सुजलेली.

फेसानं भरलेल्या तोंडानं उंदरी म्हणाली, “इथं पाटी लाव. दुरुस्ती चालू आहे.”

पाटी दाराआडच होती, त्याच्या हत्यारांच्या पिशवीला टेकवलेली, चार महिने तशीच. मी बोटानं हवेत एक चौकोन काढला, तिच्या गालापाशी. मग ती खोली सोडून आम्ही पुढच्या खोलीत गेलो.